वाद्य आहे, वाजविणारा नाहीं

इ. स. ७६४ सालीं उत्तर इंग्लंडांतील वेअरमथ व जॅरो या जोडमठांचा अधिपति कथबर्ट यानें, जर्मनींत माइन्त्स येथें धर्माधिकारी असलेल्या लुल नांवाच्या आपल्या एका देशबंधूस पत्र लिहिलें. तें आजही उपलब्ध आहे. थोर इतिहासकार बीड यास वारून तेव्हां एकोणतीस वर्षें झालीं होतीं, आणि त्याच्या ग्रंथांच्या नकला लुल यास हव्या होत्या. परंतु मागला हिवाळा असा भयंकर गेला, थंडी, बर्फ व वादळें यांनीं नकलनविसांचे हात असे आंखडून टाकले, कीं मनाजोगतें काम झालें नाहीं, अशी दिलगिरी कथबर्ट प्रथम व्यक्त करतो. मग तो स्वतःच्या दोन मागण्या मांडतो. कांचेचीं भांडीं करणारा एखादा कारागीर मिळाल्यास पाठवावा, ही पहिली. दुसरी मागणी लिहितांना मात्र त्याची लेखणी थोडी संकोचते. आपल्यापाशीं 'रोट्टा' म्हणतात तें तंतुवाद्य आहे, पण तें वाजविणारा कोणी नाहीं. असा मनुष्य धाडतां आला तर धाडावा, आणि कृपा करून या विनंतीस हंसूं नये, असें तो विनवितो.

बाराशें वर्षांपूर्वींच्या या चार ओळी आम्हांस मोठमोठ्या लढायांच्या वर्णनांहून अधिक बोलक्या वाटतात. मठांत वाद्य आहे. तें कोणीं तरी केलेलें आहे, जपून ठेवलेलें आहे, त्याचें नांव ठाऊक आहे. नाहीं तो हात. आणि हा प्रकार घडतो आहे कोठें? ज्या नॉर्थम्ब्रिया प्रांतांत फार तर शंभर वर्षांमागें हेंच वाद्य वाजवितां न येणें ही चारचौघांत मान खालीं घालण्याची गोष्ट होती, त्याच प्रांतांत.

ही शंभर वर्षांमागची हकीकत बीडनेंच आपल्या ७३१ सालीं पुऱ्या केलेल्या धर्मेतिहासांत सांगितली आहे. व्हिटबी येथील मठावर हिल्डा नांवाच्या साध्वीचा अधिकार होता. ती ६८० सालीं वारली. तिच्या अमदानींत तेथें कॅडमन नांवाचा एक उतारवयाचा, गुरांची राखण करणारा मनुष्य राही. जेवणाच्या मेजवानींत मौजेखातर प्रत्येकानें आळीपाळीनें गावें असा रिवाज होता. वाद्य या हातांतून त्या हातांत फिरत फिरत आपल्याकडे येऊं लागलें, कीं कॅडमन भरल्या पानावरून उठे आणि घरची वाट धरी. कारण त्यास एकही गाणें येत नव्हतें. असाच एकदां उठून तो गोठ्यांत गेला, त्या रात्रीं राखणीची पाळी त्याचीच होती. तेथें त्यास झोंप लागली, स्वप्नांत कोणी त्यास हाक मारून गावयास सांगितलें, आणि त्यानें सृष्टीच्या उत्पत्तीचें एक नवें कवन म्हटलें. इंग्रजी भाषेंतील नांव ठाऊक असलेला पहिला कवि तो हाच. पुढें मठांतील विद्वान त्यास धर्मकथा ऐकवीत, आणि तो त्या ऐकून, मनांत घोळवून, सकाळपर्यंत त्यांचें काव्य करी. बीड येथें रवंथ करणाऱ्या पवित्र पशूची उपमा देतो. गुराख्यास ती शोभून दिसते हें खरेंच!

या कथेंतील चमत्काराकडे सर्वांचें लक्ष जातें. आमचें लक्ष मात्र तो उठून जातो तिकडे लागतें. मेजवानींत बसलेले लोक राजे किंवा दरबारी भाट नव्हते. मठाच्या आश्रयानें राहणारे सामान्य लोक होते. त्यांच्यांतल्या प्रत्येकानें वाद्य घ्यावें, सुरांची साथ धरावी आणि कांहीं तरी म्हणावें, ही अपेक्षा होती. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईस ओवी सुचणें हें कोणी प्रतिभेचें लक्षण मानीत नसे. न सुचती तरच सोबतीण तिच्याकडे वळून पाहती. त्यांतलाच हा मामला. तत्क्षणीं रचून गाणें ही गोष्ट तेव्हां निवडक कलावंतांची मिरास नव्हती. तो चार माणसांत बसण्याउठण्याचा एक भाग होता.

तें वाद्य होतें तरी कसें? बीडच्या लॅटिनांत त्यास 'सिथारा' म्हटलें आहे, आणि जुन्या इंग्रजी भाषांतरांत 'हेआर्पे'. हाच शब्द पुढें 'हार्प' झाल्यामुळें कित्येक पिढ्यांतील विद्वानांनीं कॅडमनच्या मेजवानींत त्रिकोणी हार्प फिरविली. १९३९ सालीं सफक परगण्यांत सटन हू येथें बेसिल ब्राऊन यानें सातव्या शतकाच्या आरंभींची, सुमारे नव्वद फूट लांबीच्या जहाजांत पुरलेली एक राजसमाधि उकरून काढली. तींत पूर्व भूमध्यसागराकडून आलेल्या एका कांशाच्या भांड्यांत मेपल लांकडाचे कांहीं तुकडे आणि बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या कातड्याचे अवशेष निघाले. वाद्य केसाळ कातड्याच्या पिशवींत घालून ठेवलेलें होतें. महायुद्धानंतर ते तुकडे जोडले गेले, आणि शब्दाच्या मोहानें त्यांची प्रथम एक लहानशी हार्पच तयार झाली. पक्ष्यांच्या डोक्यांची नक्षी असलेल्या दोन पट्ट्या, खुंट्यांचीं भोंकें आणि जर्मनींतील नमुने यांचा पुन्हा मेळ घालून १९७० सालीं ही जुळणी मोडण्यांत आली आणि खरें वाद्य बाहेर आलें. तें होतें सहा तारांचें लायर.

दोन्हींतील भेद थोडक्यांत सांगितला पाहिजे. हार्पच्या तारा तबलीपासून उभ्या निघून तिरप्या दांडीकडे जातात. लायरच्या तारा तबलीला समांतर, घोडीवरून, खोक्यापासून निघालेल्या दोन हातांमधील आडव्या पट्टीपर्यंत जातात. दोहोंतही एका तारेला साधारणतः एकच स्वर. आपल्या सतारीप्रमाणें पडद्यावर तार दाबून तीच तार दहा स्वर देते, तसें येथें नाहीं.

शब्द टिकतो आणि वस्तु बदलते, हा घोटाळा एकट्या इंग्रजीचाच नव्हे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर तो मंचकावर बसून मांडीवर वाद्य घेतलेला दिसतो. प्रयागच्या स्तंभलेखांत हरिषेणानें त्याच्या संगीतापुढें तुंबरु व नारद यांस लाजविलें आहे. इंग्रज नाणकशास्त्रज्ञांनीं या नाण्यांस 'लायरवादक' प्रकार असें नांव दिलें. आपण त्यास वीणावादक म्हणतों आणि डोळ्यांपुढें सरस्वतीच्या तसबिरींतील भोपळ्यांची, पडद्यांची वीणा आणतों. नाण्यावर मात्र धनुष्याकृति हार्प कोरलेली आहे! भरताच्या नाट्यशास्त्रांत बोटांनीं वाजवावयाची सात तारांची चित्रा आणि कोणानें, म्हणजे नखीनें, वाजवावयाची नऊ तारांची विपंची सांगितली आहे. त्याही याच कुळांतल्या समजल्या जातात. ती वीणा आपल्या दरबारांतून व देवळांतून नाहींशी झाली. ब्रह्मदेशांत 'सौंग' या नांवानें तिचें कूळ टिकलें आहे, आणि मध्यप्रदेशांतील परधान लोकांच्या 'बीनबाजा'च्या रूपानें तिचा एक अंश आपल्या अगदीं शेजारीं राहिला. पण नांव सारें पडद्यांच्या वीणेनें घेतलें.

असो. सटन हूचे तुकडे होते. सबंध वाद्य दक्षिण जर्मनींतील ट्रॉसिंगेन येथें सांपडलें. २००१-०२ च्या हिवाळ्यांत तेथील एका पाणथळ जमिनींतील थडगें उकरण्यांत आलें. थडग्याच्या लांकडांतील वर्षवलयांवरून त्याचा काळ इ. स. ५८० असा ठरला आहे. आंत एक योद्धा, त्याची तरवार, भाला, ढाल, आणि त्याच्या जवळ मेपलचें लायर. लांबी ८० सेंटिमीटर, खोकें इतकें पातळ कीं हातांत धरतांना भार वाटूं नये. दर्शनी बाजूस समोरासमोर उभे असलेल्या योद्ध्यांच्या दोन रांगा कोरलेल्या. लांकडावर वापराची झीज स्पष्ट दिसते, यावरून तें नुसतें मयताबरोबर पुरण्यासाठीं केलेलें नव्हे. (याच ट्रॉसिंगेन गांवीं १८५७ सालीं होनर यानें माऊथ ऑर्गनचा कारखाना काढला. खिशांत मावणाऱ्या वाद्यांचें या गांवाशीं कांहीं तरी जुनें नातें असावें, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.)

आतां मुख्य प्रश्न. एक तार, एक स्वर, आणि तारा सहाच. यांतून अवेळीं, न ठरवितां, गाण्याची साथ निघावी कशी? तारांची जुळणी कशी होती याचा एक धागा इ. स. ९०० च्या सुमारास हुकबाल्ड नांवाच्या मठवासी पंडितानें लिहिलेल्या संगीतग्रंथांत मिळतो. सहा तारांच्या सिथाराचीं पांच अंतरें तो सांगतो: पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण. आपल्या भाषेंत हे शुद्ध सा रे ग म प ध झाले, निषाद नाहीं. हुकबाल्ड सटन हूच्या राजाहून जवळजवळ तीनशें वर्षांनीं अलीकडचा, तेव्हां त्याचें म्हणणें त्या राजाच्या वादकास जसेंच्या तसें लावणें धाडसाचें होईल. तरी आज ज्यांनीं हें वाद्य हातीं घेतलें आहे ते बहुधा येथूनच आरंभ करतात.

वादनाची रीत शिकविणारा पुरावा ग्रंथांत नाहीं. तो चित्रांत आणि आफ्रिकेंत आहे. ग्रीक कलशांवरील चित्रांत वादकाचा उजवा हात नखीनें तारांवरून झाडल्यासारखा फिरतांना दिसतो, आणि डाव्या हाताचीं बोटें तारांच्या मागें पसरलेलीं असतात. इथिओपियाचा पांच-सहा तारांचा 'क्रार' आणि सुवेझ कालव्याकांठचा 'सिमसिमिया' हीं लायरचीं जिवंत भावंडें. त्यांचे वादक हेंच करतांना आजही पाहावयास मिळतात. उजवा हात सर्व तारा एकदम छेडतो. जे स्वर नको असतील त्या तारा डावीं बोटें मागून हलकेच टेंकून मुक्या करतात. म्हणजे वाजविणें हें येथें बरेंचसें न वाजविण्याचें काम आहे. दुसरी, चौथी व सहावी तार दाबली कीं सा ग प उरतात. बोटें एकेक घर सरकवून पहिली, तिसरी व पांचवी दाबली कीं रे म ध. या दोन झोळ्यांमध्यें हात झुलता ठेवला, आणि मधून एखादें बोट उचलून एक स्वर मोकळा सोडला, कीं साथीस पुरेल इतका नाद उभा राहतो. उजव्या हाताला लय सांभाळण्यापलीकडे काम नाहीं, म्हणून तोंड शब्द शोधावयास मोकळें राहतें.

या शेवटच्या मुद्यावर आम्ही अंमळ रेंगाळतों, कारण वाद्याचें लहानपण हें दारिद्र्य आहे, असें समजण्याकडे शहाण्या माणसांचा कल असतो. वीस तारा असत्या तर कॅडमनच्या सोबत्यांपैकीं किती जणांनीं तें वाद्य हातांत घेतलें असतें? सहा तारांत चूक करावयासही फारशी जागा नाहीं. कोणताही स्वर कोणत्याही स्वराशीं फारसा भांडत नाहीं. आपल्या शाहिराचें तुणतुणें एकाच तारेचें; त्यावर कोणी आलाप घेत नाहीं, पण कलगीवाल्यानें टाकलेल्या सवालाला तुरेवाल्यानें उभ्याउभ्या जबाब जुळवावा एवढा आधार तें नक्की देतें. पोर्ट सैद व इस्मालिया येथें 'दम्मा' नांवाची मैफल भरते, तींतही सिमसिमियाभोंवतीं बसलेला प्रत्येक जण गातो, टाळ्या धरतो. आगबोटीच्या काळांत विलायतेस जाणारे आमचे कितीतरी पदवीधर पोर्ट सैदला उतरून बाजार पाहून आले, आणि होमरच्या वाद्याचें भावंड गल्लींत वाजत आहे याची वार्ताही न घेतां पुढें ऑक्सफर्डला होमर वाचावयास गेले.

होमरचें नांव आलेंच आहे, तर कॅडमनच्या आधीं अकराशें वर्षें अथेन्समध्यें घडलेल्या अशाच एका नकाराकडे वळूं. थेमिस्टोक्लीज, ज्यानें इ. स. पूर्वीं ४८० सालीं सालामिसच्या लढाईंत इराणी आरमार बुडविलें, त्याच्यापुढें एका मेजवानींत लायर आलें. त्यानें तें घेतलें नाहीं, आणि त्यामुळें तो अशिक्षितांत गणला गेला, असें सिसेरो सांगतो. प्लुटार्कच्या हकीकतींत त्याचें उत्तरही आहे: लायर जुळविणें आपणांस येत नसेल, पण लहानसें अप्रसिद्ध नगर मोठें व कीर्तिमान करणें येतें, अशा आशयाचें. उत्तर बाणेदार खरें. परंतु तें द्यावें लागलें, हेंच अथेन्समध्यें लायर न येण्याचा कमीपणा केवढा होता याची साक्ष आहे. एकजण ताठ मानेनें नाकारतो, दुसरा मान खालीं घालून उठतो. वाद्य दोघांपुढें सारख्याच हक्कानें येऊन उभें राहिलेलें असतें.

अथेन्सच्या मुलांस तें शिकविण्याची रीत आपणांस परक्याची वाटणार नाहीं. बर्लिनच्या संग्रहांत डूरिस नांवाच्या चित्रकारानें रंगविलेली, इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या आरंभाची एक सुरई-पेल्याची जोड नव्हे, साधा मद्याचा पेला आहे. त्यावर पाठशाळा रंगविली आहे: गुरु व शिष्य समोरासमोर बसले आहेत, दोघांच्याही हातीं लायर. मध्यें पोथी नाहीं, फळा नाहीं. गुरूचीं बोटें पाहावीं आणि आपलीं हलवावीं. वाद्य कासवाच्या पाठीचें. तीवर कातडें ताणलेलें, तांतीच्या सात तारा. आरिस्टोफेनीसच्या एका नाटकांत जुन्या वळणाचा पुरस्कर्ता सांगतो कीं, पूर्वीं एकेका आळींतील मुलें भुरभुर बर्फ पडत असतांही ओळीनें, उघड्या अंगानें, लायरच्या गुरूकडे जात. ही तक्रार ज्या अर्थीं नाटकांत येते, त्या अर्थीं तोंवर ती चाल ढिली झाली असली पाहिजे.

ती ढिली कां झाली? अथेन्समध्यें दोन वाद्यें होतीं. घरचें कासवाचें लायर, आणि स्पर्धांच्या रंगमंचावरील मोठा, लांकडी, भारदस्त सिथारा. दुसरें धंदेवाईकांचें. त्याच्या तारा वाढत गेल्या. मिलेटसचा टिमोथीयस यानें सातांवर आणखी चार चढविल्या, आणि त्याबद्दल निषेध म्हणून स्पार्टाच्या लोकांनीं त्याचें वाद्यच सभागृहांत टांगून ठेविलें, असें पॉसेनियस लिहितो. आरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिग्रंथांत मुलांच्या शिक्षणांतून सिथारा वगळला तो याच कारणास्तव. मुलांनीं वाजवावयास शिकावें, एरवीं त्यांस ऐकण्याचीही पारख यावयाची नाहीं. परंतु स्पर्धेंतील करामतीपर्यंत जाऊं नये, असा त्याचा कौल आहे. आमच्या मतें त्याच्या या विवेचनांत सद्गृहस्थपणाचा दर्प पुष्कळ आहे, हातानें काम करणाऱ्याविषयींचा तुच्छभावही आहे. पण एक गोष्ट त्यानें अचूक हेरली. उस्तादाची उंची वाढली कीं बाकीचे सारे श्रोते होऊन बसतात, आणि तें त्यांचें त्यांसही कळत नाहीं.

इंग्लंडांत हा बदल उस्तादानें केला नाहीं. तो पोथीनें केला. ७९७ सालीं अल्क्विन या पंडितानें एका बिशपास खरमरीत पत्र लिहिलें: धर्मगुरूंच्या पंक्तींत वाचकाचा आवाज ऐकूं यावा, वादकाचा नव्हे, पूर्वजांचे विधर्मी पोवाडे नकोत. मठांतील पंक्तीचें वाद्य असें मुकें होऊं लागलें. कथबर्टचें पत्र याच्या तेहतीस वर्षें आधींचें. हा कथबर्ट बीडचा शिष्य, गुरूच्या अंतकाळाचें हृद्य वर्णन लिहून ठेवणारा तोच, असें मानतात. कॅडमनची कथा त्यानें वाचली असलीच पाहिजे. आपल्या मठांतील रोट्टा पाहून त्यास ती आठवली असेल काय, आणि म्हणून तर त्यानें हंसूं नका असें लिहिलें नसेल ना, असा तर्क आमच्या मनांत येतो. तर्कापलीकडे त्यास किंमत नाहीं. पुढें त्रिकोणी हार्प आली, गज फिरविण्याचीं वाद्यें आलीं, आणि जुनें लायर नांवासुद्धां विसरलें गेलें.

१९७० नंतर तें पुन्हा घडूं लागलें. सुतारकामाची थोडी हातोटी असलेला मनुष्य एका फळींतून खोकें कोरतो, वर पातळ तबली चिकटवितो, सहा खुंट्या बसवितो, नायलॉनच्या किंवा तांतीच्या तारा चढवितो, आणि सा रे ग म प ध जुळवून बसतो. त्याच्यापुढें गुरु नाहीं. बेंजामिन बॅग्बी यानें असें लायर घेऊन जुन्या इंग्रजीतील 'बेओवुल्फ' हें काव्य रंगमंचावर म्हणण्याचा उपक्रम अनेक वर्षें चालविला. सहा तारांचे स्वर आणि छंदाचे आघात यांच्या घर्षणांतून जें सुचेल तें वाजवीत जाणें, ही त्याची रीत. कोणी म्हणेल, हें जुनें संगीत नव्हे, हा नवा शोध आहे. म्हणोत. कॅडमनच्या पंक्तींतल्या सुरावटी कोणासही परत मिळावयाच्या नाहींत. आपल्याकडील एखादें घराणें शेवटचा शागीर्द गेल्यावर जसें बंद होतें, आणि भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत त्याच्या चिजा असूनही ते गळे परत येत नाहींत, तसेंच हें. तथापि वाद्याची घडण स्वतः कांहीं शिकवितेच. बोटें कोठवर पोंचतात, कोणत्या तारा एकदम मुक्या होतात, हात थकला कीं कोठें विसांवतो, हें मेपलच्या लांकडानें तेरा शतकें जपून ठेवलें होतें.

वय झाल्यावर हा नाद लावून घ्यावा कीं काय, असें विचारणारास अथेन्समधील एक दाखला देतां येईल. प्लेटोच्या 'युथिडीमस' या संवादांत सॉक्रेटीस सांगतो कीं, आपण या वयांत कॉन्नस नांवाच्या गुरूकडे वादन शिकावयास जातों. बरोबरचीं पोरें आपणांस हंसतात, आणि कॉन्नसला म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणतात. यावर सॉक्रेटिसानें योजलेला उपायही तेथेंच दिला आहे: आणखी कांहीं म्हाताऱ्यांचें मन वळवून त्यानें त्यांनाही त्याच शाळेंत आणून बसविलें.